दरडोई पन्नास एकर

जुलै १६५१ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीच्या जमीन नोंदवहीत अँथनी जॉन्सन नावाच्या माणसाला २५० एकर जमीन दिल्याची नोंद झाली. जमीन चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थॅम्प्टन काउंटीत. नैर्ऋत्येला मोठी खाडी, आग्नेयेला आणि वायव्येला तिचेच दोन लहान फाटे, आणि त्यांच्यामध्ये पाण्यात घुसलेला जमिनीचा पट्टा. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तसं हे वर्णन. त्याखाली पाच माणसांची नावं. या पाच जणांना समुद्रापलीकडून वसाहतीत आणल्याबद्दल ही जमीन, एवढाच मजकूर. जमीन घेणारा कुठून आला, त्याच्या घरात कोण होतं, आजवर त्याने काय सोसलं, यातलं काही नाही. कारकुनाला त्याची गरज नव्हती.

तरी मी या नोंदीकडे पुन्हा पुन्हा वळतो. कारण हा अँथनी जॉन्सन तीस वर्षांपूर्वी याच वसाहतीत आडनावाशिवाय उतरला होता. १६२१ साली ‘जेम्स’ नावाच्या जहाजातून आलेला ‘अंतोनियो, एक निग्रो’ एवढीच तेव्हा त्याची ओळख. पोर्तुगीज वळणाच्या त्या नावाला चिकटलेला आफ्रिकेतला गाव, आईबाप, मूळचं नाव, सगळं समुद्रापलीकडे राहिलेलं. जेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बेनेट नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याचा तंबाखूचा मळा होता, तिथे त्याला राबायला ठेवलं. २२ मार्च १६२२ रोजी तिथल्या मूळ रहिवासी पाउहाटन लोकांनी इंग्रजांच्या वस्त्यांवर एकाच वेळी हल्ला चढवला. वसाहतीत ३४७ माणसं मारली गेली. एकट्या बेनेटच्या मळ्यावर पन्नासहून अधिक. वाचलेल्या मोजक्या लोकांत अंतोनियो होता. त्याच वर्षी ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजातून मेरी नावाची एक आफ्रिकन स्त्री त्या मळ्यावर आली. १६२५ च्या सुरुवातीला वसाहतीची गणती झाली, तेव्हा दोघांची नावं तिच्यात आली: नाव, जहाज, वर्ष. कित्येक आफ्रिकनांना त्या गणतीत नावही मिळालेलं नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या दोन तुटक ओळींचं मोल कळतं.

यानंतर कागद गप्प होतात, आणि बराच काळ गप्प राहतात. याच काळात अंतोनियोचा अँथनी जॉन्सन झाला, मेरी त्याची बायको झाली, त्यांना चार मुलं झाली आणि ती दोघं स्वतंत्र झाली. पण मुक्ततेचा कागद उरलेला नाही. मालकाने सोडलं की त्यांनी पै पै साठवून स्वतःला सोडवून घेतलं, हे सांगणारी एकही ओळ नाही. अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या घराण्याचा माग काढणाऱ्याला अशी पोकळी नवी नसते. मात्र गोऱ्या घराण्याच्या बाबतीत ती पोकळी बहुधा बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या हरवलेल्या नोंदीची असते. इथे ती माणूस कुणाचा होता आणि स्वतःचा केव्हा झाला, याची आहे.

१६४० च्या दशकातल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जबानीत अँथनी नावाचा आफ्रिकन माणूस भेटतो. भागीत केलेलं मक्याचं शेत नुकतंच वाटून घेतलेलं आहे, आणि तो समाधानाने सांगतो आहे की आता आपली जमीन कुठली ते आपल्याला कळलं. आता मनाला येईल तेव्हा काम करू, मनाला येईल तेव्हा थांबू. त्या कागदावर आडनाव नाही. तो आपलाच अँथनी असेल किंवा त्याच किनाऱ्यावरचा दुसरा कुणी. पण वसाहतीच्या कागदांत एका आफ्रिकन माणसाच्या तोंडचे शब्द असे थेट उतरणं ही दुर्मीळ गोष्ट. टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनेस या दोन इतिहासकारांनी या किनाऱ्यावरच्या स्वतंत्र आफ्रिकनांवर १९८० मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचं नाव याच जबानीतून घेतलं. स्वतःची जमीन म्हणजे स्वतःचा दिवस, हे त्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

हे सगळं आज वाचता येतं यामागे थोडं नशीबही आहे. व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांची दप्तरं नष्ट झाली. काही कचेऱ्यांना आगी लागल्या. काही काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी आपल्या वह्या रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर पेटलं तेव्हा त्या तिथेच जळाल्या. पूर्व किनाऱ्याच्या या चिंचोळ्या द्वीपकल्पाचं दप्तर मात्र वाचलं. ईस्टव्हिल या लहानशा गावात १६३२ पासूनच्या न्यायालयीन वह्या सलग टिकून आहेत. मूळच्या इंग्रज वसाहतींत याहून जुनं अखंड काउंटी दप्तर नाही. त्या काळी काउंटीचं न्यायालय केवळ खटले चालवत नसे. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, गुरांच्या कानावरच्या खुणा, तंबाखूत मोजलेली कर्जं, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं एकाच वहीत पुढेमागे चढत असे. म्हणून इथला जमिनीचा शोध हा आपोआप माणसांचा शोध होतो.

तो शोध घेण्याची एक रीत आहे. कागदावरच्या मुख्य नावापेक्षा कडेची नावं अधिक बोलतात. साक्षीदार कोण, शेजारी कोण, सही कुणी केली आणि कुणी नुसती खूण काढली, विक्रीला बायकोची संमती घेतली का, हे बघत जायचं. तारखाही जपून वाचायच्या. त्या काळी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे आपण ज्याला मार्च १६५५ म्हणू त्या महिन्याचा बराचसा भाग त्यांच्या वहीत १६५४ मध्येच मोडतो. एका कुटुंबाच्या नोंदी जुळल्या की त्यांच्या बांधाला लागून असलेल्यांच्या नोंदी काढायच्या, कारण शेजाऱ्याच्या चतुःसीमेत आपलं माणूस पुन्हा भेटतं. त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नसलं तरी दुसऱ्याच्या जमिनीची हद्द म्हणून ते जिवंत असतं. अँथनी जॉन्सनला लिहिता येत नव्हतं. त्याचं सगळं चरित्र हे इतरांनी लिहिलेल्या, पण त्याने लिहायला लावलेल्या कागदांतून उभं राहतं.

लिहायला लावलेल्या, हे मी मुद्दाम म्हणतो. व्हर्जिनियात १६१८ पासून नियम होता की जो माणूस आणण्याचा खर्च करील त्याला त्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकर जमीन मिळेल. मजूर हवे होते आणि जमीन फुकटात घेतलेली होती, त्यातून हा हिशेब जन्मला. पाच माणसं म्हणजे २५० एकर. हे हक्क हस्तांतरित होत, विकलेही जात. त्यामुळे यादीतली पाच माणसं अँथनीने स्वतःच बोटीतून उतरवून घेतली असं मानायचं कारण नाही. पण कुठला दाखला कुठे सादर करायचा, त्याचं जमिनीत रूपांतर कसं करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निरक्षर माणसाने कागदाचं राज्य किती बारकाईने ओळखलं होतं, ते या एका नोंदीतून दिसतं.

या याद्या वाचताना एकदा मला एक नाव भेटलं आणि मी थबकलो. १६३५ साली जॉर्ज मेनेफी नावाच्या बड्या व्हर्जिनियन व्यापाऱ्याने २४ माणसं आणल्याबद्दल १२०० एकर जमीन घेतली. त्या चोवीस जणांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा एक माणूस आहे. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी कागदांत नोंदलेला हा भारताकडचा बहुधा पहिला माणूस. तो कोकणातला, मलबारातला की कोरोमंडलचा, हे यादी सांगत नाही. तो आला, आणि त्याचे पन्नास एकर झाले. त्या पन्नास एकरांतला एक वाफाही त्याचा नव्हता. अंतोनियोही एकदा असाच उतरला होता. म्हणून १६५१ ची नोंद मला एवढी मोठी वाटते. तिच्यात असा माणूस आहे जो यादीतून उठून यादी सादर करणाऱ्याच्या जागी जाऊन बसला.

त्याच्याही खाली एक थर आहे आणि तो वगळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. खाडीकाठचा हा पट्टा अकोमॅक आणि ऑकोहॅनक लोकांचा होता. पंगोटीग, नासवाडॉक्स ही आजही टिकलेली खाड्यांची नावं त्यांच्या भाषेतली. इंग्रज राजाच्या नावाने दिलेल्या सनदेत जमिनीची सुरुवात जणू त्या सनदेनेच होते. आधीच्या वहिवाटदाराला तिथे रकाना नाही. जॉन्सन कुटुंबाला जी दारं उघडली, ती कुणाच्या तरी घराचीच होती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत नोंदी भराभर येतात. १६५२ मध्ये मुलगा जॉन याला अकरा माणसांमागे ५५० एकर. १६५४ मध्ये दुसरा मुलगा रिचर्ड याला दोन माणसांमागे १०० एकर. दोघांच्या जमिनी बापाच्या जमिनीच्या आसपास. नऊशे एकरांची, एका कुटुंबाची, एका खाडीवरची वस्ती. तंबाखू, मका, गुरं, डुकरं. नकाशावर हे तुकडे जोडून पाहिले की कुटुंबप्रमुखाचा विचार कळतो. मुलांनी लांब जाऊ नये, हाकेच्या अंतरावर राहावं, बांधाला बांध असावा. समुद्रापलीकडे सगळं गोत गमावलेल्या दोन माणसांनी इथे आपलं गोत जमिनीवर मांडायला घेतलं होतं.

याच सुमारास घराला आग लागली आणि मोठं नुकसान झालं. अँथनी आणि मेरी न्यायालयात गेले. फेब्रुवारी १६५३ च्या त्या आदेशात न्यायाधीशांनी नोंदवलं की ही दोघं तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात राहत आहेत आणि त्यांचे कष्ट व सेवा सर्वांना माहीत आहेत. म्हणून मेरी आणि तिच्या दोन मुलींना त्या जिवंत असेपर्यंत डोईपट्टी माफ. या माफीमागचा कायदा ठाऊक नसेल तर ती साधी दया वाटते. १६४३ मध्ये व्हर्जिनियाने आफ्रिकन स्त्रियांवर डोईपट्टी बसवली होती. इंग्रज घरातल्या स्त्रियांवर ती नव्हती. म्हणजे काळी स्त्री शेतात राबणारी आणि गोरी स्त्री घर सांभाळणारी, अशी रेघ कायद्याने आखून ठेवली होती. स्थानिक न्यायालयाने त्या तिघींपुरती ती रेघ पुसली. शेजारपाजारच्या गोऱ्या लोकांनी या कुटुंबाला आपल्यातलं मानलं, त्याचा हा लेखी पुरावा. हा आदेश दिल्यानंतर ती रेघ वसाहतभर अधिकाधिक ठळक होत गेली, हे ठाऊक असल्यामुळे तो वाचताना मन जड होतं.

आता त्याच वहीतला दुसरा कागद, आणि तो टाळता येत नाही. १६५१ च्या पाच नावांत कारकुनाने ‘जॉन गेसोरोरो’ असं काहीतरी ऐकू आलं तसं लिहिलेलं एक नाव आहे. अभ्यासक त्याला जॉन केसर मानतात. हा केसर अँथनीकडे राबत होता. १६५४ च्या सुमारास त्याने तक्रार केली की आपण सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, ती मुदत केव्हाच संपली, तरी अँथनी आपल्याला सोडत नाही. अँथनीचं म्हणणं असं की करार मी कधी पाहिला नाही, हा माणूस जन्मभरासाठी माझा आहे. शेजारचे पार्कर बंधू केसरच्या बाजूने उभे राहिले आणि केसर रॉबर्ट पार्करकडे कामाला गेला. मेरी, मुलं आणि जावई यांच्याशी बोलून अँथनीने आधी माघार घेतली, मग पुन्हा दावा लावला. मार्च १६५५ मध्ये न्यायालयाने अँथनीच्या बाजूने निकाल दिला: केसरने मालकाकडे परत जावं, खर्च पार्करने भरावा. व्हर्जिनियात गुन्हा न केलेल्या माणसाला दिवाणी निकालाने जन्मभराचा गुलाम ठरवल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

या निकालाचा वापर पुढे अनेकांनी आपापल्या सोयीने केला. गुलामगिरी काळ्या माणसानेच सुरू केली, असंही म्हटलं गेलं. दप्तर उघडलं की हे विधान टिकत नाही. १६४० मध्येच जॉन पंच नावाच्या पळून गेलेल्या आफ्रिकन नोकराला व्हर्जिनियाच्या न्यायालयाने जन्मभर सेवेची शिक्षा दिली होती. त्याच्यासोबत पळालेल्या दोन युरोपियन नोकरांची मुदत मात्र काही वर्षांनी वाढवली. गुलामगिरीची वाट आधीच पडत होती आणि ती पाडणारे हात अनेक होते. त्यातला एक हात अँथनी जॉन्सनचा होता, हेही तितकंच खरं. केसर त्याच समुद्रातून आला होता ज्यातून अंतोनियो आला होता. स्वातंत्र्य म्हणजे काय हे ज्याला सर्वाधिक कळायला हवं, त्याने दुसऱ्याचं स्वातंत्र्य न्यायालयात जाऊन जिंकून घेतलं. मला याचं समर्थन करायचं नाही. पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला गौरवाची कहाणी हवी असते. पण मालकीचे कागद गौरव आणि अपराध यांची वेगवेगळी वही ठेवत नाहीत. जमीन मिळवून देणारा हिशेब आणि केसरला बांधून ठेवणारा हिशेब एकच होता. अँथनीने तो पूर्णपणे शिकून घेतला होता.

१६६५ मध्ये कुटुंबाने व्हर्जिनिया सोडली. २५० पैकी २०० एकर दोन गोऱ्या शेतकऱ्यांना विकले, उरलेले ५० एकर रिचर्डला दिले. तो बायकामुलांसह तिथेच राहिला. बाकीचे गुरंढोरं घेऊन उत्तरेला, मेरीलँडच्या हद्दीत गेले. १६६६ मध्ये तिथे सॉमरसेट काउंटी स्थापन झाली आणि नव्या वस्तीसाठी माणसं हवी होती. मेरीलँडमध्येही दरडोई जमीन होती. रँडल रेव्हेल आणि अ‍ॅन टॉफ्ट या दोन धनिकांनी तिथे मोठी जमीन मागितली. त्यांनी जोडलेल्या यादीत अँथनी, मेरी, जॉन आणि केसर यांची नावं आहेत. ज्याने स्वतः पाच नावांवर जमीन मिळवली होती, त्याचं नाव म्हातारपणी दुसऱ्याच्या जमिनीचं निमित्त झालं. अँथनीने मात्र हात आखडला नाही. त्याने स्टीफन हॉर्सी या जमीनदाराकडून ३०० एकर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतले. मेरीलँडमध्ये जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव देण्याची पद्धत होती. या तुकड्याचं नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’, टोनीचा द्राक्षमळा. पहिली ओळख ज्या नावाने झाली त्याचंच हे घरगुती रूप आता जमिनीला लागलं.

१६७० पर्यंत अँथनी वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात एक ज्यूरी बसली. सगळे गोरे. प्रश्न होता अँथनीच्या मागे राहिलेल्या जमिनीचा. निकाल असा, की अँथनी जॉन्सन निग्रो होता आणि म्हणून परकीय होता. सबब जमीन सरकारजमा करता येईल. पाच वर्षं ज्या ५० एकरांवर रिचर्ड कुटुंबासह राहत होता, ते जॉर्ज पार्करकडे गेले. केसरच्या प्रकरणात समोर उभे राहिलेल्या पार्करांपैकीच हा एक.

हा निकाल वाचताना मला त्याआधीचे सगळे कागद एकामागून एक आठवतात. याच सरकारने १६५१ मध्ये या माणसाला सनद दिली. याच किनाऱ्यावरच्या न्यायालयाने १६५३ मध्ये त्याच्या तीस वर्षांच्या वास्तव्याची साक्ष दिली. १६५५ मध्ये एका गोऱ्या शेजाऱ्याविरुद्ध त्याचा दावा मान्य केला. १६६५ मध्ये त्याची विक्री चालू दिली. एवढ्या काळात तो परकीय नव्हता. तो मेल्यावर परकीय झाला, आणि तेही मागील तारखेने, जणू जन्मापासून तसाच होता. मधल्या वर्षांत काय बदललं ते कायद्यांच्या तारखा सांगतात. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. १६६७ मध्ये ठरवलं की बाप्तिस्म्याने गुलाम मुक्त होत नाही. १६७० मध्ये स्वतंत्र काळ्या माणसाला ख्रिस्ती नोकर विकत घेण्याची बंदी झाली. या रांगेत ज्यूरीचा निकाल ठेवला की तो एकटा दिसत नाही. रिचर्डचे पन्नास एकर ज्या हवेत गेले, ती हवा विधानसभेत एकेका ठरावाने तयार झाली होती.

मेरीलँडमध्ये कुटुंबाची सूत्रं मेरीकडे आली. इंग्रजी कायद्यात नवरा हयात असलेल्या बाईला मालमत्तेत स्वतंत्र आवाज जवळपास नसे. विधवा झाल्यावरच तो मिळे. त्यामुळे १६२५ च्या गणतीतल्या एका ओळीनंतर जी मेरी बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावामागे होती, ती आता कागदाच्या मधोमध येते. तिने टोनीज व्हिनयार्डचा पट्टा नव्याने करून घेतला, ९९ वर्षांचा, आपल्यामागे मुलांकडे जावा अशा बेताने. १६७२ मध्ये नातवंडांच्या नावे गुरं लिहून दिली. पूर्व किनाऱ्यावर पैशाइतकंच चलन होतं गुरांचं: गाय वासरं देते, वासरं वाढतात, आणि नातू कर्ता होईपर्यंत कळप उभा राहतो. व्हर्जिनियात मुलाची जमीन गेलेली, तरी ही म्हातारी पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर येऊन लिहून घ्या म्हणते. माझ्या मनात मेरीची जी प्रतिमा आहे ती या दोन कागदांतून आली. विश्वास तुटल्यावरही तिने नोंदीचा आग्रह सोडला नाही, कारण नोंद नसली तर कुणीही येऊन काहीही म्हणेल, हे पन्नास वर्षांत तिला पुरतं कळलेलं होतं.

१६७७ मध्ये नातवाने, त्याचंही नाव जॉन, सॉमरसेटमध्ये ४४ एकर विकत घेतले. जमिनीला नाव दिलं ‘अंगोला’. त्या दशकांत व्हर्जिनियात आणलेल्या आफ्रिकनांपैकी पुष्कळ जण पश्चिम मध्य आफ्रिकेच्या त्या भागातून, पोर्तुगीजांच्या हातून आले होते. आजोबांचं अंतोनियो हे नाव आणि नातवाच्या शेताचं हे नाव शेजारी ठेवलं की पन्नास वर्षांपूर्वी गप्प झालेला कागद थोडा बोलतो. घरात काहीतरी सांगितलं जात होतं. कुठून आलो, ते मुलांना माहीत होतं. एकाही कारकुनाने कधी विचारलं नाही, तरी नातवाने ते सरकारी वहीत लिहवून घेतलं. हा नातू १७०६ मध्ये वारस न ठेवता वारला, आणि या घराण्याची जमिनीवरून ओढता येणारी स्पष्ट रेघ तिथे थांबते.

रेघ थांबते म्हणजे माणसं संपतात असं नव्हे. जमीन नसलेला माणूस जमिनीच्या वहीत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १७०५ मध्ये व्हर्जिनियाने गुलामांविषयीचे सारे कायदे एकत्र करून कडक केले, आणि त्यानंतर जन्मलेल्या स्वतंत्र काळ्या कुटुंबांच्या खुणा कर-याद्यांत, शिकाऊ नोकरीच्या करारांत, दंडाच्या नोंदींत शोधाव्या लागतात. वंशावळींचे अभ्यासक पॉल हाइनेग यांनी व्हर्जिनिया, कॅरोलिना, मेरीलँड आणि डेलावेअरच्या काउंटी दप्तरांतून अशी शेकडो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जोडून दाखवली. ते काम बघितलं की पटतं, या वह्यांत अजून पुष्कळ माणसं वाट बघत आहेत.

या सगळ्या वाचनातून माझ्या हाती एक गोष्ट पक्की लागली. मोठा अन्याय लांबून पाहिला की तो अनादी वाटतो, जणू जग आधीपासून तसंच होतं आणि कुणाच्या हातात काही नव्हतं. जमिनीचे कागद हा भ्रम मोडतात. त्यांत प्रत्येक गोष्टीला तारीख असते, देणाराघेणारा असतो, साक्षीदार असतात. अँथनी जॉन्सन १६५१ मध्ये मालक होता आणि १६७० मध्ये परकीय ठरला, यांच्यामध्ये निसर्गाचा कोणताही नियम बदलला नव्हता. काही माणसं एका खोलीत बसली आणि त्यांनी तसं ठरवलं. केसरला परत पाठवणारे हातही असेच ठरवणारे होते, आणि त्यांच्यासमोर उभा राहून मागणी करणारा अँथनीही. जे ठरवलं गेलं ते वेगळं ठरवता आलं असतं. १६५३ ची ती करमाफी त्याचा पुरावा म्हणून त्याच वहीत आहे. म्हणूनच तिथली पानं सगळी वाचायला हवीत, अभिमानाची आणि शरमेचीही, एकही नाव न गाळता. टोनी ईस्ट इंडियन, जॉन केसर, रिचर्ड जॉन्सन: ज्यांचे पन्नास-पन्नास एकर झाले किंवा ज्यांचे पन्नास एकर गेले, त्यांचा हिशेब आजवर फक्त एकरांत झाला. माणसांत तो मांडणं हे आता वाचणाऱ्याचं काम आहे.